पिशवी नाही, म्हणजे कॉलेज नाही

बारावीचा निकाल लागायच्या आतच मंगल कार्यालयांत ‘मोफत करिअर मार्गदर्शन मेळावे’ भरू लागले आहेत. मोफत म्हणजे अगदी मोफत. वर पिशवी मिळते.

या पिशवीचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. जाड कापड, दोन्ही बाजूंना खाजगी विद्यापीठाचं बोधचिन्ह, आत गुळगुळीत पुस्तिका. पुस्तिकेत पोहण्याचा तलाव आहे, काचेच्या इमारतीपुढे विनाकारण हसणारी चार मुलं आहेत. फी तेवढी छापलेली नाही. ती ‘प्रत्यक्ष भेटीत’. पालकही पारखी असतात. झिपवाली पिशवी म्हणजे प्लेसमेंट चांगलं, बाटलीचा कप्पा असला तर होस्टेल उत्तम, आणि पिशवीचा बंद स्टॉलवरच तुटला तर ‘तिथं शिस्त नाही हो!’ एखादे काका तीन पिशव्या हातात तोलून पोराची शाखा ठरवतात. काकू दोन मागून घेतात, कारण धाकटी यंदा दहावीला आहे. या गर्दीत सरकारी कॉलेजचा स्टॉल नसतो. असणार कसा? त्यांच्याकडे पिशवीच नाही. त्यांच्याकडे नोटीस बोर्ड आहे आणि आडवी स्कॅन केलेली पीडीएफ आहे, ती वाचायला मान मोडावी लागते.

व्यासपीठावरचे मार्गदर्शक तासभर बोलतात, पण ‘शासकीय तंत्रनिकेतन’ हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, “तिथं मेरिट फार लागतं, बाळा.” मुलांचे मोबाइल नंबर मात्र यांच्याकडे आधीच पोचलेले असतात. ते कुणी दिले, हे प्राचार्यांना विचारू नये. ते मेळाव्याचे प्रमुख पाहुणे असतात.

इथवर हसलो, आता पुरे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. खाजगी विद्यापीठात तर ती नाहीच. दहावीनंतर सरकारी डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हे सांगायला ना मंडप लागतो, ना हारतुरे. वर्गात एक तास आणि फळ्यावर चार ओळी पुरतात. तो तास कुणी घेत नाही. म्हणून माफीला पात्र असलेल्या पोरीचा बाप जमीन गहाण टाकून फी भरतो, आणि वर मार्गदर्शकांचे आभारही मानतो. याला अज्ञान म्हणू नका. हा धंदा आहे, आणि तो शाळा-कॉलेजांच्या सहीशिक्क्यानं चालतो.

पालकहो, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर, हे सगळं सेतू केंद्रात आजच करायला टाका. कॅपचा फॉर्म मुदतीत भरा. पसंतीक्रमात सरकारी कॉलेजं सगळ्यांत वर लिहा. आणि फी छापायला लाजणाऱ्याला आपला फोन नंबर देऊ नका.