दसरा ते अक्षय्य तृतीया : बर्फात गाडी चालवण्याचे प्राथमिक धडे

प्रवेशाची अट एकच. उमेदवाराला गाडी उत्तम येत असावी आणि त्याचा त्याला अभिमान असावा. संध्याकाळी सहा वाजता लक्ष्मी रोडवरून गाडी काढलेली असल्यास प्राधान्य. माँट्रियलच्या हिवाळ्यात या पात्रतेचा उपयोग शून्य. पण अभिमान उतरायचा तर आधी तो चढलेला असावा लागतो.

थंडीचा पूर्वानुभव आवश्यक नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा तो सारखाच असतो : पारा दहाच्या खाली गेला की ‘पुणे गारठले’, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात त्याचा फोटो. एवढ्या शिदोरीवर मी नोव्हेंबरअखेरीस इथे पहिली गाडी घेतली. रीतसर नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं रात्रभर बाहेर राहून गोट्या झाली होती. त्यातलं एक चाकाखाली फुटायचं सोडून टुणकन रस्त्यावर उडालं. शकुन मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

धडा पहिला : टायर

गाडीच्या विक्रेत्याने दुसऱ्याच वाक्यात विचारलं, हिवाळी टायरचं काय? रात्री कोथरूडला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर आई म्हणाली, “अरे, गाडी घेतलीस ना आत्ता? मग टायर बदलायचे कशाला? हवा भरून घे.” आईचं उत्तर सबंध महाराष्ट्राचं उत्तर आहे. आपल्याकडे टायर दोनच प्रकारचे : आहेत ते आणि टकले झालेले. तिसरा प्रकार ऋतूप्रमाणे अंगावर चढतो आणि उतरतो, हे पचायला एक हिवाळा जातो.

कारण साधं आहे. नेहमीच्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली थंडीतल्या तुपासारखं घट्ट होत जातं आणि रस्त्याची पकड सोडतं. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त, म्हणून ते उणे वीसलाही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीवर बारीक चिरा असतात. भरली वांगी करताना आपण चार देतो, इथे शेकडो असतात. वजन पडलं की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. गाडी कितीही लाखांची असो, रस्त्याला टेकलेला तिचा भाग म्हणजे तळहाताएवढे रबराचे चार तुकडे. बाकी सगळं वर बसून आशा करत असतं.

खरेदीला गेलात की टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र शोधा. नुसतं ‘एम’ आणि ‘एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढी अक्षरं असली तर त्यावर भाळू नका. माँट्रियल ज्यात येतं त्या क्वेबेक प्रांतात डिसेंबर २०१४ पासून ती धरत नाहीत. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. नसले तर दंड २०० ते ३०० डॉलर. खिळ्यांचे टायरही मिळतात. निव्वळ बर्फावर ते छान चावतात, कोरड्या रस्त्यावर घुंगरू बांधल्यासारखे वाजतात.

इथे आपला काटकसरी स्वभाव एक कल्पना सुचवतो : इंजिन पुढची चाकं ओढतं ना, मग पुढेच दोन हिवाळी टायर घालू, निम्मे पैसे वाचतील. अशा गाडीचं पुढचं तोंड वळणावर शहाण्यासारखं वळतं आणि मागची बाजू त्याला ओव्हरटेक करते. चारही घाला, चारही एकाच जातीचे. जुने घेत असाल तर खाचेची खोली बघा. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, बर्फाला पुरत नाही. त्याला पाचेक तरी हवी. इथले लोक खाचेत २५ सेंटचं नाणं उभं धरतात. नाण्यावर कॅरिबू असतो. त्याचं नाक खाचेत बुडलं नाही तर टायरचे दिवस भरले. हवाही दर महिन्याला तपासा. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, म्हणजे ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत कुठल्या कुठे गेलेली असते.

आता मुहूर्त. बाजारात याबद्दल पुष्कळ सल्ले मिळतात, माझा सोपा आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करताच, त्याच आठवड्यात टायर बदलून घ्या. काढायचे अक्षय्य तृतीयेला. पाडव्याला काढायचा मोह होईल, कारण १५ मार्चला कायदा संपतो. पण २०१७ साली १४ मार्चच्या रात्रीच हिमवादळ झालं आणि माँट्रियलच्या १३ क्रमांकाच्या हायवेवर सुमारे ३०० गाड्या रात्रभर बर्फात अडकून पडल्या. कायदा कॅलेंडर बघून संपतो, हिवाळा बघत नाही. खिळेवाल्यांसाठी मात्र तिथी बाजूला ठेवा; त्यांना १५ ऑक्टोबर ते १ मे एवढीच परवानगी. महाराष्ट्र दिन लक्षात ठेवा, झालं.

धडा दुसरा : निघण्यापूर्वी

नोव्हेंबरात तुमच्या गल्लीत घरोघरी अंगणात पांढरे मांडव पडतील. लग्नसराई नव्हे. ते गाडी झाकायचे तंबू, आणि त्यांना इथे म्हणतात ‘टेम्पो’. आपल्याकडे टेम्पोत सामान घालतात, इथे टेम्पोत गाडी घालतात. ज्याच्याकडे टेम्पो नाही त्याने अर्धा तास लवकर उठावं.

पहिल्या सकाळी काचेवरचा बर्फ बघून आंघोळीचं गरम पाणी ओतायची बुद्धी होईल. काच तडकते. ब्रश आणि खरवडणी घ्या आणि सगळी काच साफ करा. समोर पोस्टकार्डाएवढं भोक पाडून निघणारे लोक असतात. त्यांना रस्ता दिसतो, त्यावरची माणसं दिसत नाहीत. टपावरचा थरही उतरवा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा पुढे येऊन काचेवर बसतो. काच धुण्याच्या टाकीत नळाचं पाणी नको, उणे चाळीसपर्यंत न गोठणारं द्रव घाला.

एका मुद्द्यावर विनोद नाही. इंजिन चालू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरची नळी बघा. ती बर्फाने बुजलेली असली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. मुलांना आत बसवून बाहेर बर्फ उपसू नका.

धडा तिसरा : रस्ता

आपल्याकडे बर्फ हा एकच शब्द, तो गोळ्यालाही आणि हिमालयालाही पुरतो. इथल्या फ्रेंचमध्ये वेगवेगळे शब्द आहेत आणि ते गाडी चालवणाऱ्याच्या कामाचे आहेत. ‘पूद्रेरी’ म्हणजे वाऱ्याने जमिनीवरून उडणारा भुसभुशीत बर्फ, त्यात समोरचं काही दिसत नाही. ‘व्हेर्ग्ला’ म्हणजे पावसाने जिथे पडेल तिथे गोठून बसवलेली काच; जानेवारी १९९८ मध्ये तिच्या वजनाने विजेचे मनोरे वाकले आणि लाखो लोक काळोखात राहिले. सर्वांत वाईट तो काळा बर्फ. तो काळा नसतोच, पारदर्शक असतो. दिसतं ते खालचं डांबर. रस्ता ओला दिसतोय आणि शेजारच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर ओलं नाहीये ते. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला थंड हवा वरूनही लागते आणि खालूनही. आणि उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त घसरडा, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. आपल्या वळवाच्या पहिल्या सरीत तेल वर येऊन स्कूटर कशी जाते, ते आठवा आणि ते चार महिने चालू आहे असं समजा.

अंतर ठेवा. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचं पुरतं, इथे आठ-दहा सेकंदांचं ठेवा. पुण्यात एवढ्या जागेत तीन स्कूटर आणि एक रिक्षा मावली असती. इथे ती रिकामीच राहते. सुरुवातीला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

ब्रेकबद्दल माझ्या खर्चाने शिका. पहिल्याच डिसेंबरात स्टॉपच्या पाटीआधी मी ब्रेक दाबला, तो पायाखाली घर्रघर्र करायला लागला, आणि काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय काढला. ती घरघर म्हणजे एबीएस, चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, आपलं काम करत होती. तेव्हा पाय दाबूनच ठेवायचा असतो. गाडी पाटीसमोरून चालत्या माणसाच्या वेगाने, अगदी सावकाश, घसरत गेली. मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला, म्हणून मी हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हतं, बर्फाचा ढीग होता. त्याने बाजू दिली नाही. समोरच्या घरातून एक आजीबाई फावडं आणि मांजराच्या वाळूची पिशवी घेऊन आल्या, चाकांखाली वाळू पसरली आणि एक शब्द न बोलता मला बाहेर काढलं. ती पिशवी आता माझ्या डिकीत कायम असते. घरात मांजर नाही.

मागची बाजू घसरली तर पेडलवरून पाय वर घ्या, नजर जायचंय तिकडे ठेवा, स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा. पुढची चाकं ऐकेनात तर आणखी वळवू नका, उलट थोडं सोडा. हे वाचून येत नाही. सुट्टीच्या सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी असेल तिथे, मुद्दाम घसरून बघा. आणि चारचाकी ड्राइव्हवाल्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं : चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते लवकर, थांबत नाही लवकर.

धडा चौथा : पार्किंग

रस्त्यावर नारिंगी पाट्या लागल्या की गाडी हलवा. बर्फ उचलणारी यंत्रं येण्याआधी टोइंगवाला गल्लीतून सायरन वाजवत फिरतो. आपल्याकडे तो निदान भोंग्यावर गाडीचा नंबर पुकारतो. इथे सगळ्या गल्लीला एकच सायरन. खाली उतरून गाडी दिसली नाही तर चोरीची तक्रार करायला धावू नका, आधी आसपासच्या गल्ल्या बघा. बहुधा तिथेच कुठेतरी नेऊन ठेवलेली असते, काचेवर दंडाची पावती लावून.

यंदाच्या टायरची वेळ घेतली नसेल तर हे बाजूला ठेवा आणि आत्ता गॅरेजला फोन करा. पहिला बर्फ पडल्यावर तिथे कोणी फोन उचलत नाही.