डीकोडिंग कुणी करावं? होम थिएटर मांडणाऱ्या नवशिक्यांसाठी

आधी साहित्य जमवा: एक टीव्ही, ब्लू-रे प्लेअर किंवा स्ट्रीमिंगची डबी, एक एव्ही रिसीव्हर, हॉलमध्ये मावतील त्याहून दोन जास्त स्पीकर आणि ‘एवढ्या वायरी कशाला?’ असं विचारणारी एक व्यक्ती. ही शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही.

सिनेमाचा आवाज डिस्कवर किंवा नेटवरून येतो तो गाठोडं बांधून. ते सोडायचं, म्हणजे डीकोडिंग करायचं. प्लेअर, टीव्ही आणि रिसीव्हर तिघांनाही ते थोडंफार जमतं, आणि तिघेही न विचारता पुढे येतात.

पायरी पहिली. प्लेअरच्या मेनूत ‘बिटस्ट्रीम’ आणि ‘पीसीएम’ असे पर्याय शोधा. बिटस्ट्रीम निवडलं तर गाठोडं तसंच रिसीव्हरकडे जातं. पीसीएम निवडलं तर प्लेअरच ते सोडून आतला माल पाठवतो.

पायरी दुसरी. यातलं कुठलं चांगलं ऐकू येतं यावर मित्राशी कडाक्याचं भांडण करा. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे लॉसलेस प्रकार आहेत. गाठोडं स्टेशनवर सोडा नाहीतर घरी, कपडे तेवढेच निघणार. 2006 साली आलेल्या प्लेस्टेशन 3 च्या पहिल्या मॉडेलांना हे प्रकार बिटस्ट्रीम करून पाठवताच येत नसत. ती स्वतः उलगडून पीसीएम पाठवत, आणि आवाजाचं त्यात काहीच बिघडत नसे. बिघडायचं ते रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर. तिथे ‘ट्रूएचडी’ऐवजी ‘मल्टी चॅनल’ असं काहीतरी पोरकं उमटायचं. एवढे पैसे मोजल्यावर पाहुण्यांना काय दाखवायचं? माझ्या मते बिटस्ट्रीमच्या बाजूने होणारा निम्मा युक्तिवाद या पट्टीसाठी असतो.

पायरी तिसरी. तरीही बिटस्ट्रीमच निवडा, पण ॲटमॉससाठी. हा प्रकार 2014 पासून घरगुती रिसीव्हरांत आला. यात आवाजासोबत तो खोलीत कुठून यावा याची टिपणंही असतात. प्लेअरने त्याचं साधं पीसीएम केलं की टिपणं गळतात आणि डोक्यावरून जायचं हेलिकॉप्टर सोफ्याच्या उंचीवरून जातं. शिवाय छताला किती स्पीकर टांगलेत हे रिसीव्हरलाच माहीत असतं. अपवाद हवाच असेल तर ॲपल टीव्ही 4के घ्या: तो गाठोडं स्वतः सोडतो आणि टिपणं डॉल्बी मॅट नावाच्या प्रकारात पीसीएमबरोबर धाडतो. पट्टीवर ‘ॲटमॉस’ उमटतं, सगळे खूश.

बिटस्ट्रीमची किंमतही सांगितली पाहिजे. ब्लू-रेच्या मेनूतली टिकटिक आणि चित्राच्या कोपऱ्यात बोलणारा दिग्दर्शक हे आवाज प्लेअर स्वतः मिसळतो. गाठोडं न सोडता पाठवलं की ते सहसा गायब होतात. टिकटिक गेल्याची तक्रार कुठल्या घरात झालेली मी तरी ऐकलेली नाही.

पायरी चौथी, टीव्ही. त्याला चित्रापुरतं ठेवा. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीला द्या. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा बघणार असाल तर आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरकडे न्यावा लागतो (या सोयीला एआरसी म्हणतात, आणि तिच्या नव्या, ऐसपैस आवृत्तीला ई-एआरसी), आणि नवशिक्याचा खरा घात तिथे होतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर साध्या एआरसीवरून फक्त दोन चॅनल जातात. रिसीव्हर बिचारा त्या दोनांतून मागच्या स्पीकरांना काहीबाही वाटून देतो, आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. तिथे ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा.

दुकानदार ऑप्टिकल वायर पुढे करेल. ती 1983 साली तोशिबाने सीडी प्लेअरसाठी काढली. दोन चॅनल पीसीएम किंवा जुनं डॉल्बी डिजिटल 5.1 ती इमानाने नेते. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस ज्यातून येतं ते डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यात मावत नाही. ते साध्या एआरसीतून जातं, ट्रूएचडीला मात्र ई-एआरसी लागतं.

पायरी पाचवी. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय खाचा असतात, त्यातली सहसा एकच ई-एआरसीची. ती कुठली, हे टीव्ही भिंतीवर ठोकण्याआधी बघून ठेवा. ठोकून झाला असेल तर टॉर्च आणि हातातला आरसा घ्या, आणि मघाशी वायरींबद्दल विचारणाऱ्या व्यक्तीला टॉर्च धरायची विनंती करा.