थोरले अठ्ठ्याण्णव, धाकटे एक्सपी

एका संगणकात दोन विंडोज नांदवणे हा वरवर तांत्रिक, पण मुळात घरगुती प्रश्न आहे. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांनी पुढचा मजकूर नुसता चाळला तरी चालेल.

आधी शंकानिरसन. एका विंडोजवर का भागत नाही? ‘डूम’सारखे १९९३चे खेळ डॉसवर चालतात आणि विंडोज ९८च्या पोटात खरा डॉस अजून शाबूत आहे, एक्सपीत आहे ते त्याचे सोंग. उलट २००५चा ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ थोरल्यांच्या उंबऱ्यावरूनच परत फिरतो. दुसरी शंका एखादा भाचा काढेल : डॉसबॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रामवर जुने खेळ नव्या लॅपटॉपवरही चालतात की! भाचा खरेच बोलतो आहे. त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

साहित्य : पेंटियम ४च्या काळातला एक डबा, दोघांनाही ओळखणारे जीफोर्स ४चे कार्ड, आणि ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क. मोठी डिस्क घेण्याचा मोह टाळावा. ६४ जीबीच्या पुढे थोरल्यांच्या एफडिस्कचा हिशेब चुकतो, आणि १३७च्या पुढे ते स्वतःच्याच लिखाणावर पुन्हा लिहू लागतात. हे सामान लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत शोधावे. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर भाव न विचारता पुढे जावे. सीआर२०३२ ही बटण बॅटरी मात्र नवी घालावी. ती मेली असेल तर यंत्र दर वेळी कुठल्या तरी जुन्या तारखेला जागे होते. अर्थात, त्यावरून यंत्राला बोलण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

आता वाटणी. सी थोरल्यांची, फॅट३२ पद्धतीची. डी धाकट्याची, एनटीएफएस पद्धतीची. ई सामाईक, पुन्हा फॅट३२, कारण एनटीएफएस थोरल्यांना वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणजे धाकट्याची खोली त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. परिणामी सामाईक ईला ते बेधडक डी म्हणतात. त्यांची चूक दाखवायला जाऊ नये. आपण लक्षात ठेवावे.

प्रतिष्ठापना वयाच्या क्रमानेच. अठ्ठ्याण्णव मागून बसवले तर ते दारावर स्वतःचीच पाटी ठोकतात आणि एक्सपी आत असूनही कोणाला सापडत नाही. एक्सपी मागून आला तर थोरल्यांचे नाव स्वतःहून बूट.आयएनआय या फाइलीत लिहितो आणि चालू होताना कोणाकडे जायचे ते नम्रपणे विचारतो. उत्तरासाठी ३० सेकंद देतो. मग स्वतःच निर्णय घेतो. धाकट्यांची नम्रता साधारण इतकीच टिकते. एक गोम मात्र आहे : या किल्ल्या धाकट्याच्या असल्या तरी टांगलेल्या सीवर असतात. त्यामुळे ‘सी फॉरमॅट करून पाहू’ असे घरात कोणी म्हणाले की दोघेही रस्त्यावर. एक्सपी बसवताना सीचे एनटीएफएस करू का, असा प्रश्न दिसला तर माउसवरून हात काढून घ्यावा.

रॅमच्या बाबतीत औदार्य नको. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम वाढली की थोरले ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करू शकतात. होय, जास्त वाढल्यावर अपुरी. सिस्टम.आयएनआय फाइलीत व्हीकॅशला मर्यादा घालून त्यांची समजूत काढता येते, पण ५१२ची एकच पट्टी लावणे जास्त सुखाचे.

राहिला आवाज. डॉसचे खेळ सुरुवातीलाच साउंड ब्लास्टरची तोंडी परीक्षा घेतात : पोर्ट, आयआरक्यू, डीएमए. बहुतेक वेळा २२०, ५, १ हे उत्तर चालते; ५ला नापास केले तर ७ म्हणून पाहावे. अर्थ विचारू नये. त्या काळी पाठ केलेल्यांनीही विचारला नव्हता.

काही खेळ प्रोसेसरच्या वेगावरच पळतात, त्यामुळे पेंटियम ४वर आपण बोट उचलण्याआधी शत्रू जिंकून मोकळा होतो. बायॉसमध्ये कॅश बंद केली की यंत्र बऱ्यापैकी लंगडते. तेवढे पुरे.

शेवटची सूचना गंभीरपणे घ्यावी. या यंत्राला इंटरनेटची तार जोडू नये. थोरल्यांना मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ रोजी वाऱ्यावर सोडले, धाकट्याला ८ एप्रिल २०१४ रोजी. बँकेचे व्यवहार फोनवरच करावेत.