फिर्यादीची खाली मान

आमच्या मागील अंगणातला तांब्याचा बंब चोरीस गेल्याची वार्ता आळीत पसरावयास चहाला आधण येण्याइतकाही अवधी लागला नाही. आणि पुढील दोन दिवसांत समाचारास म्हणून जी मंडळी येऊन गेली, त्यांपैकी एकानेही त्या चोरास नावे ठेवली नाहीत, मला मात्र कोणी ठेवावयाचे बाकी ठेवले नाही. "मागच्या दाराला कडी होती का?" या प्रश्नाने प्रारंभ होई. "होती," म्हटले तर "मग घातली नसेल," आणि "घातली होती," म्हटले तर "मग गंजली असेल." एका वयोवृद्ध बाईंनी, "झोप छान लागते हो तुम्हांला!" एवढेच म्हणून चहा घेतला. वास्तविक त्या बंबात गेली वीस वर्षे पाणी तापले नव्हते, त्याची तोटी गळत होती आणि त्याच्या डोक्यावर आम्ही कोरफडीची कुंडी ठेवीत असू. चोराने ती कुंडी उचलून अलगद पायरीवर ठेवली होती. तिच्यातली माती सांडली नव्हती, हे मी प्रत्येकास सांगत असे, आणि सांगताना माझ्या स्वरात त्या इसमाविषयी किंचित आदर येत असे, हेही कबूल केले पाहिजे.

चौकीवर गेलो तेव्हा हवालदारसाहेबांनी प्रथम पावती मागितली. बंब आजीने तांबट आळीतून करवून आणलेला, असे मी सांगितले.

"मग आजींना घेऊन या."

"त्या वारल्या."

"कधी?"

"1961 साली."

ही माहितीही त्यांनी शांतपणे टिपून घेतली. त्यामुळे त्या फिर्यादीत चोराविषयी एक ओळ आणि आजीविषयी तीन, असा मजकूर झाला. "अज्ञात इसमाने फिर्यादीच्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने" हे शब्द मात्र वाचून मला धीर आला. माझी संमती नव्हती, एवढे तरी सरकारदरबारी रुजू झाले. आळीत ते अद्याप कोणी मानलेले नाही.

चोरी दुसऱ्याने करावयाची आणि मान आपण खाली घालावयाची, ही रीत आजची नव्हे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त चारुदत्ताच्या भिंतीस भगदाड पाडणारा शर्विलक हा चोर ब्राह्मण आहे आणि कलावंतही आहे. भोक कमळाच्या आकाराचे पाडावे, चंद्रकोरीसारखे पाडावे की पूर्णकुंभासारखे, याचा तो सांगोपांग विचार करतो, आणि मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे काढून त्याने भिंत मोजतो. सकाळी चारुदत्त उठतो तो आधी त्या भगदाडाचे कौतुक करतो आणि मग आपल्यासारख्या दरिद्र्याच्या घरातून बिचारा रिकाम्या हाताने गेला असेल, या विचाराने कष्टी होतो. परंतु गेले ते वसंतसेनेने ठेव म्हणून ठेवलेले अलंकार, हे कळताच त्याचे सारे औदार्य गळून पडते. कारण गरिबाच्या घरी चोरी झाली यावर कोण विश्वास ठेवणार? अखेर पत्नीची रत्नमाला भरपाईदाखल धाडताना तो निरोप काय देतो, तर अलंकार मी द्यूतात हरलो! घरी चोर आला होता हे सांगण्यापेक्षा आपण जुगारी आहोत हे सांगणे त्या सत्पुरुषास सोपे वाटले. समाचारास येणारी मंडळी उज्जयिनीतही असावीत.

परंतु बंब नेणारा एकदा येऊन गेला. माझी खरी मान खाली घालविली ती रोज येणाऱ्याने.

आमच्या फाटकालगत जास्वंद, तगर आणि प्राजक्त आहेत. पहाटे साडेपाचच्या सुमारास, ऋतू कोणताही असो, छत्री घेऊन एक सद्गृहस्थ येतात, छत्रीच्या मुठीने जास्वंदीची फांदी कुंपणाबाहेर ओढतात आणि परडी भरून निघून जातात. हे मामलेदार कचेरीतून सेवानिवृत्त झालेले अव्वल कारकून; आळी त्यांना रावसाहेब म्हणते. आयुष्यात एक पैशाची अफरातफर त्यांच्या दफ्तरात कधी सापडली नाही. अशा माणसास "चोर" म्हणावे कसे, या विवंचनेत मी तीन वर्षे घालविली.

कायद्याचा आधार शोधला. 1860 च्या दंडविधानातील 378 व्या कलमात म्हटले होते की, जमिनीस जडलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही, ती विलग होताक्षणी होते. म्हणजे देठ तुटेपर्यंत रावसाहेब निर्दोष आणि तुटताच गुन्हेगार. त्याच कलमात खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचा कुत्रा मागे लावून घेणाऱ्याचाही दृष्टान्त होता. 2024 साली ती संहिता जाऊन नवी आली. कलमाचा आकडा बदलला, कुत्रा आहे तिथेच आहे. मात्र क्षुल्लक हानी, जिची सामान्य समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही, ती गुन्हा नव्हे, असेही जुन्या 95 व्या कलमात होते. चार जास्वंदीची फुले! तक्रार केली तर माझीच समजूत सामान्याखालची ठरणार.

शेवटी एका पहाटे धीर करून फाटकाशी उभा राहिलो. बोललो ते इतकेच, "फुलं नेता वाटतं?"

रावसाहेब दचकले नाहीत. "गौतमाचं धर्मसूत्र वाचलंत का?" ते म्हणाले. "गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि झाडावेलींची फुलं आपलीच समजून घ्यावीत. फळांना कुंपण नसण्याची अट आहे, फुलांना नाही." त्यांची दृष्टी माझ्या कुंपणावर फिरली आणि मला ते बांधल्याची लाज वाटली. मग प्राजक्ताकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आणि हे झाड तर कृष्णानं इंद्राच्या बागेतून आणलेलं. मूळ मुद्देमालच तो!"

मी घरात गेलो. जाताना, "तगरीला खाली वाका, वर कीड आहे," असे माझ्याच तोंडून निघून गेले.

गेल्या श्रावणात पावसाने निसरड्या झालेल्या पायरीवरून रावसाहेब पडले आणि त्यांचा गुडघा धरला. दुसऱ्याच दिवशी पहाटे फाटकाची कडी वाजली. त्यांचा नातू परडी घेऊन उभा होता. "आजोबांनी पाठवलंय," तो म्हणाला, "आणि विचारलंय, काल भिंतीकडच्या फांदीला दोन कळ्या होत्या, त्या आज उमलल्या का?"

त्यांतली एकच उमलली होती. तसे मी त्याला सांगितले, दुसरीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि परडी भरून दिली. बंबाचा तपास अद्याप चालू आहे.