देवघरात कोण झोपतं?

बॉस्टनच्या पश्चिमेला ज्या गावात आम्ही घर घेतलं, तिथे घरामागच्या हिरवळीचा एक पट्टा सबंध उन्हाळा हिरवागार असायचा. जुलैत शेजाऱ्यांची लॉनं तांबूस पडायची, माझा पट्टा मात्र ढिम्म. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम मागे नेत असे आणि खिशात हात घालून म्हणत असे, "मातीला हात लागावा लागतो हो!" त्या गवताचा माझ्या हाताशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो आमच्या घरातल्या संडास-बाथरूमांशी. पण हे उघडकीला यायला मधे एक देवघर यावं लागलं.

आमच्या गावात सार्वजनिक गटार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी गावं पुष्कळ आहेत. ज्याची त्याची सेप्टिक टँक ज्याच्या त्याच्या अंगणात. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी डी-बॉक्स नावाच्या पेटीत जातं आणि तिथून फाटे फुटून जमिनीखालच्या भोकाच्या नळ्यांतून खडीत मुरतं. या सगळ्यावर राज्य करतो तो 'टायटल फाइव्ह' नावाचा कायदा. 1995 पासून घर विकायचं तर या यंत्रणेची तपासणी करून घ्यावी लागते. आमच्या घराचीही झाली होती. अहवाल जाडजूड होता. मी त्यातला 'पास' हा एक शब्द वाचला आणि तो फायलीत लावून टाकला. टाकी निदान तीन वर्षांतून एकदा उपसून घ्यावी, असा सल्ला इथे सगळीकडे मिळतो. मला ती गोऱ्या लोकांची हौस वाटली. साताऱ्याला आमच्या वाड्यातली टाकी आजोबांनी बांधली, तिचं झाकण पुढे कोणी पाहिलेलं नाही. दिवाळीतलं चकल्यांचं तळणीचं तेल कढत पाण्याबरोबर सिंकमध्ये ओतून देण्याची युक्तीही माझीच. बायको नको म्हणत होती. पण मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरचा का असेना.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि आईने पहिल्याच दिवशी देव मिक्सरशेजारी बसलेले पाहिले. ती काही बोलली नाही. आई काही बोलली नाही की खर्च ठरलेला असतो. मी त्याच रात्री नकाशा काढायला बसलो. फॅमिली रूमला लागून दहा बाय बाराची नवी खोली. पूर्वेला खिडकी. देवांना एकांत हवा म्हणून दार. निरांजनावर भागणार नाही म्हणून वीज आणि थंडीत आईला बसवेल असं हीटिंग. नकाशा घेऊन बांधकाम परवान्याच्या खिडकीवर गेलो, तर तिथली बाई म्हणाली, आधी बोर्ड ऑफ हेल्थची सही आणा. मला हसूच आलं. देवघरात ना नळ, ना मोरी. आरोग्याचा काय संबंध?

संबंध असा की टायटल फाइव्ह माणसं मोजत नाही, बेडरूम मोजतं. दर बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आसपास पाणी धरायचं आणि तेवढं मुरवण्याची सोय जमिनीत करायची. आमची यंत्रणा तीन बेडरूमची, 330 गॅलनची. आता बेडरूम कशाला म्हणायचं? पलंग असण्याची अट नाही. एकांत हवा, निदान 70 चौरस फूट जागा हवी, पुरेशी उंची, खिडकी, वीज आणि हवा हवी. ती व्याख्या वाचताना मला वाटलं, कायदा करणाऱ्याने माझा नकाशा समोर ठेवून ती लिहिली. 'मुख्यत्वे झोपण्यासाठी' असेही शब्द तिच्यात होते. त्यावर मी भिस्त ठेवली असती, पण खाली आणखी एक पाचर होती. न्हाणीघरं आणि बोळ सोडून घरात आठापेक्षा जास्त खोल्या झाल्या, तर एकूण खोल्यांना दोनाने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि येईल तितक्या बेडरूम धरायच्या. आमच्या खोल्या आठ. देवघर नववी. निम्म्या साडेचार, अर्धी सोडली, चार. एकही तोटी न वाढवता माझ्या घरात एक बेडरूम जन्माला आली होती.

बोर्डाच्या एजंटला भेटायला जाताना मी बाबांना बरोबर नेलं. बाबा निवृत्त तलाठी. अमेरिकेत त्यांना मॉल आवडला नाही, समुद्र आवडला नाही. सरकारी कचेरी म्हटल्यावर मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले.

"या खोलीत कोणी झोपणार नाही, बरोबर?" एजंटने विचारलं.

"कोणीही नाही," मी म्हणालो.

बाबांनी घसा खाकरला. सरकारी कागदावर अपुरी माहिती गेलेली त्यांना आयुष्यात खपली नाही. "देव झोपतात," ते इंग्रजीत म्हणाले. मग त्यांनी शेजारती समजावून सांगितली. रात्री आरती करून देवांना झोपवतात, थंडीत बाळकृष्णाला दुलई असते, पहाटे काकडआरती करून उठवतात.

एजंटने पेन खाली ठेवलं. "किती जण आहेत?"

बाबा बोटांवर मोजू लागले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, गणपती...

"ते पाणी वापरत नाहीत," मी घाईघाईने म्हणालो.

"असं कसं? रोज सकाळी अंघोळ असते," बाबा म्हणाले.

एजंट सबंध वेळ एकदाही हसला नाही, यावरून तो फार सभ्य माणूस असावा. त्याने दोन वाटा सांगितल्या. एक तर यंत्रणा चार बेडरूमची करा. नाहीतर रजिस्ट्रीत घराच्या खतावर कायमचं लिहून द्या की या घरात तीनच बेडरूम राहतील. पुढे जो घर घेईल त्यालाही ते बंधनकारक. दुसरा पर्याय ऐकून बाबांचे डोळे लकाकले. "म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद," ते मला मराठीत म्हणाले. "हे करून टाक. स्वस्त आहे." पण चार बेडरूमच्या घराला भाव चांगला येतो, हे गणित माझ्या डोक्यात बसलं होतं. मी पहिली वाट धरली.

त्यासाठी आधी मातीची परीक्षा लागते. परवानाधारक माती-परीक्षक, खणणारं यंत्र (बाबांच्या भाषेत जेसीबी, मग कंपनी कुठलीही असो) आणि साक्षीला बोर्डाचा एजंट. "पंच कोण?" बाबांनी विचारलं. पंच नसतात म्हटल्यावर ते स्वतःच खुर्ची टाकून बसले. आईने सगळ्यांना पोहे दिले. परीक्षकाने फूटभर रुंदीच्या खड्ड्यात पाणी ओतलं, पंधरा मिनिटं माती भिजू दिली आणि मग बारा इंचांवरून नऊ, नऊवरून सहा अशी पातळी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायला घेतलं. शेवटचे तीन इंच महत्त्वाचे. एका इंचाला किती मिनिटं लागली त्यावरून जमीन किती पाणी पिते ते ठरतं. सगळे शिकलेसवरलेले लोक खड्ड्याभोवती उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. टीव्हीवर मॅचसुद्धा मी इतकी एकाग्र होऊन पाहिलेली नाही.

जमीन पाणी पीत होती, पण सावकाश. खरा घोटाळा शेजारच्या खोल खड्ड्यात निघाला. त्याच्या भिंतीवर तांबूस आणि करडे ठिपके होते. पाणी वर्षातल्या ओल्या दिवसांत किती वर चढतं, त्याची ती खूण. ठिपके अडीच फुटांवर सुरू होत होते. नळ्यांखालची खडी आणि ही पाणीपातळी यांच्यात निदान चार फूट कोरडी जमीन लागते. म्हणजे यंत्रणा जमिनीत बसणारच नव्हती. बाहेरून वाळू आणून टेकाड घालायचं आणि त्याच्या पोटात ती बसवायची. कंत्राटदाराने चार बेडरूमच्या टेकाडाचा आकडा सांगितला. तो ऐकताक्षणी भावाबिवाची हाव माझ्या मनातून पार गेली आणि मी अत्यंत समाधानी वृत्तीचा झालो.

एवढ्यात एजंटचं लक्ष माझ्या हिरव्या पट्ट्याकडे गेलं. "हे असंच असतं का नेहमी?"

"बारा महिने," मी अभिमानाने म्हणालो. मातीला हात वगैरे पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण तो तोवर बुटाने गवत दाबून पाहत होता. गवत चुबुक चुबुक बोललं.

मग रीतसर तपासणी झाली. डी-बॉक्सचं झाकण काढलं तर आत पाणी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या वर उभं. खालची जमीन तुंबली होती. तिला पिववत नव्हतं. निकाल: नापास. दोन वर्षांत नवी यंत्रणा घाला. टाकी शेवटची कधी उपसली, असं तपासनिसाने विचारलं तेव्हा बायको माझ्याकडे पाहत होती. तळणीच्या तेलाबद्दल त्याने विचारलं नाही, तरी ती माझ्याकडे पाहतच राहिली.

रात्री कागद चाळताना मला शोध लागला. नापास यंत्रणा बदलली तर राज्य आयकरात सूट देतं: 2023 पासून खर्चाच्या 60 टक्के, कमाल 18,000 डॉलर, वर्षाला 4,000 पर्यंत. पास झालेल्या माणसाला एक छदाम नाही. आमच्या घराण्यात नापासाचा दाखला आजवर उशाखाली लपवला जायचा. मी त्याच्या तीन प्रती काढल्या, एक फ्रिजवर लावली आणि न्यू जर्सीच्या चुलतभावाला फोन करून सांगितलं. तो पासच आहे बिचारा.

टेकाड झालं, तीन बेडरूमचं. माती लोटण्यापूर्वी एजंट येऊन पाहून गेला, कंप्लायन्सचं सर्टिफिकेट आलं. देवघरासाठी रजिस्ट्रीत लिहून दिलं, शिवाय खोलीला एकांत नको म्हणून दार काढून पाच फुटांची मोकळी कमान ठेवली. नोंदीची प्रत हातात आल्यावर बाबांनी शिक्का उजेडात धरून पाहिला. "चढला बोजा," ते तृप्तीने म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच अमेरिकेबद्दल बरं बोलताना ऐकलं.

मग गणपतीत चुलतभाऊ सहकुटुंब आला, त्याच्या सासरचे आले, कनेक्टिकटचे मामा आले. गाद्या हॉलमध्ये पडल्या, फॅमिली रूममध्ये पडल्या, जेवणाच्या टेबलाखालीही एक भाचा झोपला. कायद्याला त्यातलं काहीच आक्षेपार्ह नाही. बेडरूम तीनच होत्या. रात्री मामा उशी काखेत मारून कमानीखाली उभे राहिले. आतला नवा गालिचा बघून म्हणाले, "इथे छान जागा आहे की. मी इथेच आडवा होतो."

"तिथे नाही, मामा," बाबा अंधारातून म्हणाले. "तसं रजिस्टर करून दिलंय."