हजार न्यूटन-मीटरचा मामा

मला हजार न्यूटन-मीटरचीच गन हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच तांत्रिक कारणं देणार आहे आणि ती सगळी मागाहून सुचलेली आहेत.

भाचीच्या कॉलेजची टीम यंदा ‘बाहा’त उतरणार होती. पिथमपूरला, आमच्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर, २००७ पासून इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या बग्ग्या घेऊन येतात, धुळीत लोळवतात आणि मोडलेल्या परत नेतात. शेवटची शर्यत चार तासांची. चार तासांत काहीतरी तुटतंच, आणि तुटलेलं जोडायचं तर बहुतेक वेळा आधी चाक काढावं लागतं. त्यासाठी बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन घ्यायची होती. पैसे टीमचे, सल्ला मामाचा, असं माझ्या मते ठरलं होतं. भाचीच्या मते मामाकडे गाडी होती आणि सियागंजच्या बाजारात ती कुठे उभी करता येते ते त्याला ठाऊक होतं.

दुकानात पहिलाच पेच व्होल्टचा. एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० मॅक्स. मी अर्थातच वीसकडे झुकलो.

“मामा, दोन्हींत पाचच सेल आहेत,” भाची म्हणाली. “एकेक ३.६ चा. पाचाने गुणलं की अठरा. फुल चार्ज करून मोजलं की वीस.”

म्हणजे माणूस एकच, दुसऱ्या खोक्याने त्याची उंची सकाळी उठल्या उठल्या मोजून घेतलेली. पण एकदा वीस वाचल्यावर अठराकडे परत यायला मनाला फार त्रास होतो.

टॉर्कचंही तसंच. तिथे दोन आकडे असतात, एक आवळण्याचा आणि एक जाम नट सोडवण्याचा. दुसरा नेहमी मोठा, म्हणून खोक्यावर तो ठळक. मकिताची डीटीडब्ल्यू-१००२ आवळते १०००ला आणि सोडवते १६००ला. सोळाशे! २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या गावातल्या माणसाने ५८०ला सोडवणाऱ्या गनकडे का बघावं? दुकानदारानेही माझी नस बरोबर ओळखली. “भिया, ये ट्रक का चक्का खोल देगी,” तो म्हणाला. माझ्याकडे ट्रक नाही. माझ्याकडे ऑल्टो आहे. पण माझ्या चेहऱ्यात त्याला ट्रकचा मालक दिसला, हे मला आवडलं.

आता इंदूर आणि चाकं हे दोन शब्द एकत्र आले की इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर, यांना वगळून पुढे जाणं मला जमत नाही. लग्नाच्या पंगतीतही मी हे सांगतो, आणि शेजारचा मठ्ठ्याचं निमित्त काढून उठतो. वाचकाला उठता येईल, पण माझ्या ते लक्षात येणार नाही, हा लेखनाचा फायदा आहे. तर, १९२६ साली, वय वर्षं सतरा-अठरा, महाराज गादीवर आले. तिशी गाठायच्या आत त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधून घेतली. आत युरोपातल्या नामवंतांनी घडवलेलं फर्निचर. आज तिथे कराचं सरकारी कार्यालय आहे, म्हणजे आपण इंदूरकर तिथे जातो ते फर्निचर बघायला नाही. आणि १९३५च्या सुमारास त्यांनी मागवली ड्यूसेनबर्ग एसजे. चासी आणि इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली, सुपरचार्जर लावलेला आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ३२० अश्वशक्ती. केशरी-काळी, दोनच माणसांची. राजवाड्यासमोर ती उभी आहे आणि टांग्याचे घोडे तिच्याकडे बघताहेत, असं चित्र मी मनात इतक्या वेळा रंगवलंय की आता ते मी पाहिल्यासारखंच सांगतो. बग्ग्यांना मात्र इंजिन दहा अश्वशक्तीचं. म्हणजे महाराजांच्या एका गाडीत बत्तीस बग्ग्या मावल्या असत्या. हा हिशेब मी पंगतीत नेहमी जिलबीच्या वेळी करतो.

मुद्दा चाकाचा होता. त्या काळच्या वेगवान गाड्यांच्या तारांच्या चाकांना सर्रास मधोमध एकच मोठा नट असे. अनेकांच्या नटाला कान असत, आणि तांब्याच्या नाहीतर शिशाच्या हातोड्याने त्या कानांवर टोले दिले की नट सुटे. डाव्या बाजूचा एका दिशेने, उजव्या बाजूचा उलट्या दिशेने, म्हणजे चाक फिरता फिरता नट आपोआप ढिला होऊ नये. ही युक्ती मी भाचीला फार रंगवून सांगितली. तिला ती माहीत होती. तिने हब स्वतः डिझाइन केलं होतं.

आजच्या गनमध्ये तरी दुसरं काय आहे? आत एक हातोडा फिरतो आणि ऐरणीवर मिनिटाला हजारो टोले देतो. बळ टोल्यांनी जातं म्हणून मनगट पिरगळत नाही. तो तांब्याचा हातोडाच बॅटरीसकट डब्यात कोंडलाय.

दुकानदाराने व्हाइसमध्ये पकडलेला एक गंजका बोल्ट पुढे केला. मी गनवर काळी गोटी, म्हणजे सॉकेट, चढवली (चमकदार क्रोमची गोटी गनला लावायची नाही, टोल्यांनी तडकू शकते, एवढं मात्र मला येत होतं) आणि ट्रिगर दाबला. ट्र्र्र्र! नट क्षणभर अडला, गंजाचा तांबडा भुगा काउंटरवर सांडला आणि नट माझ्या तळहातात आला, चांगलाच गरम. माझ्या आयुष्यात इतक्या झटपट काहीच सुटलेलं नाही. भावाभावांतला प्लॉटचा वाद अजून तसाच आहे.

“फॉर्म्युला वनमध्ये,” मी नट हातात खेळवत म्हणालो, “२०२३ला कतारमध्ये मॅकलारेनने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली.”

“त्यांच्या गन दाबलेल्या वायूवर चालतात, आणि गाडीभोवती वीसेक माणसं असतात. आमच्याकडे मी आहे आणि एक फर्स्ट इयरचा मुलगा. तू ही एका हाताने धर, मामा. उकिडवा बसून.”

मी बसलो. साडेतीन किलोच्या आसपास वजन. चार नटांचं सोंग होईपर्यंत कोपर खाली यायला लागलं आणि गोटी नटावर तिरकी बसायला लागली. दुकानदार तेवढ्यात मला म्हणाला, “बिटिया के लिए हलकी वाली दिखा दूँ?” प्रश्न तिचा, हात तिचे, गाडी तिची, आणि हा मघापासून बोलत होता माझ्याशी. मीही मघापासून उत्तरं देत होतो.

हलकी तिलाच हवी होती, पण त्या कारणाने नाही. दोन वर्षांपूर्वी ती आणि तिची आई, म्हणजे माझी ताई, इंदूरजवळच्या राऊच्या पुढे रात्री पंक्चर होऊन अडकल्या होत्या. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. नट हलेना. ताई, गुडघे दुखणारी ताई, पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. आठवडाभरापूर्वीच एका टायरवाल्याकडे अलाइनमेंट करून घेतलं होतं, आणि तिथल्या पोराने हवेची गन लावून नट जितका फिरेल तितका आवळला होता. अशा छोट्या गाडीच्या नटाला साधारण शंभर न्यूटन-मीटर पुरतात. त्याने किती घातले ते त्यालाही माहीत नसणार, कारण ट्रिगर दाबून धरायला काहीच लागत नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने पान्यावर लांब पाइप चढवून नट सोडवले. त्या तासाभरात अंधारात किती गाड्या वेग कमी करून, काच खाली करून, काय काय बोलून गेल्या, हे ताईने घरी कधीच नीट सांगितलं नाही. भाचीने सांगितलं, तेही टॉर्कविषयी बोलता बोलता.

“सोळाशे लागले ना, तर नट वाईट नाही, आवळणारा वाईट,” ती म्हणाली. “आमचे नट मी आवळणार. टॉर्क रेंचने, हाताने, खट्ट वाजेपर्यंत. मग सोडायला ५८० भरपूर झाले.”

तेव्हा निकाल असा: बॅटरी १८ व्होल्टची, गन अर्ध्या इंचाची, आवळायला ३३०, सोडायला ५८०, काळी गोटी वेगळी, आणि वाचलेल्या पैशांतून टॉर्क रेंच. पोर्शे ९११ जीटी३च्या मधल्या एकाच नटाला ६०० लागतात म्हणे, तेव्हा ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी हजारवाली खुशाल घ्यावी. बाकीचे, पुढच्या वेळी टायरवाल्याकडे गेलात की पैसे देण्याआधी डिकीतला आपला पाना काढा आणि त्याच्यासमोर एक तरी नट सोडून बघा. सुटला नाही, तर त्यालाच हाताने सोडायला लावा, आणि टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका.