पडद्यामागच्या डीएमला खुलं पत्र

डीएम,

तुझ्या गर्लफ्रेंडच्या रेंजरला तू मारलंस. ओग्रने नाही, फाशांनी नाही, तू मारलंस, आणि टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते कळलं.

रेंजर शून्य हिट पॉइंटवर येऊन बेशुद्ध पडली होती. तिच्यापुढे आपला फायटर पाय रोवून उभा होता आणि ओग्रवर तलवार चालवत होता. तुझ्या आजवरच्या झाडून सगळ्या राक्षसांनी अशा वेळी उभ्या असलेल्या शत्रूकडे मोर्चा वळवला आहे. हा ओग्र मात्र वाकला आणि खाली पडलेलीवर त्याने सोटा हाणला. पाचव्या आवृत्तीचा नियम तुला आमच्यापेक्षा पक्का पाठ आहे. बेशुद्ध कॅरेक्टरला अगदी जवळून फटका लागला की तो आपोआप क्रिटिकल धरायचा, आणि त्यासरशी डेथ सेव्हची, म्हणजे बेशुद्ध कॅरेक्टर जगतं की मरतं हे ठरवणाऱ्या फाशांची, दोन अपयशं एकदम चढतात. तीन झाली की खेळ संपला. एक अपयश तिच्या पाळीला दहाच्या खालचा आकडा पडून आधीच चढलेलं होतं. हे गणित तू पडद्यामागे बसून केलंस आणि मग फटका मारलास. त्याच आठवड्यात तुमचं भांडण झालं होतं.

ती कॅरेक्टर शीट टेबलावर ठेवून उठून गेली. त्यानंतर दार लागायच्या आत कुणीतरी म्हणालं, "डीएमची गर्लफ्रेंड टेबलावर असली की हे असंच होतं." तू मान डोलावलीस. मी तेव्हाच बोलले, पण तू विषय बदललास. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पत्र खुलं आहे, तेव्हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' कधीच न खेळलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी रानावनात फिरणारी तिरंदाज. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचं सगळं जग त्याच्या तोंडून बोलतं: राजे, चोर, खानावळवाले, ओग्र, पाऊस. खेळाडू म्हणतो, मी भिंत चढते. डीएम ठरवतो किती अवघड आहे. मग वीस बाजूंचा फासा पडतो. डीएमचे फासे बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या एका पडद्याआड पडतात, त्याने सांगितलेला आकडा आम्ही खरा मानतो. सगळा खेळ या विश्वासावर चालतो. रविवारची दुपार, चहा, कुणीतरी आणलेले वडापाव आणि हा विश्वास.

तो तू मोडलास. भांडणाच्या आधी उलट्या दिशेने मोडलास, एवढाच फरक.

दुसऱ्या लेव्हलला तिच्या रेंजरला प्लस टू धनुष्य कुठून मिळालं? नियमपुस्तक असल्या वस्तूला 'रेअर' म्हणतं आणि पाचव्या लेव्हलच्या आत ती देऊ नये असं सुचवतं. वीस बाजूंच्या फाशावर प्लस टू म्हणजे शंभरातले दहा नेम फुकटात. तिने ते मागितलं नव्हतं. तिने तर विचारलं होतं, "हे मला एकटीलाच का?" पायवाटेवरचे ठसे शोधताना तिचा नऊ पडला आणि तू म्हणालास, "तुला दिसतात." त्याच ठशांसाठी माझ्या विझर्डचा चौदा पडला होता आणि मला दिसले नव्हते. तिचा चेहरा तेव्हा पडला. मी समोरच बसले होते. तिला जिंकायचं होतं ते स्वतःच्या फाशाने. चांगला नेम लागला की टेबलावर जो ओरडा होतो, तो तिला हवा होता. तुझ्या लाडाने तोच तिच्याकडून काढून घेतला, कारण तिचा खरा वीस पडला तरी आम्ही टाळी वाजवायच्या आधी एकमेकांकडे बघायला लागलो होतो.

आणि तो राजपुत्र. दर गावात कुणीतरी देखणा एनपीसी, म्हणजे डीएमने चालवलेलं पात्र, तिच्याच कॅरेक्टरच्या प्रेमात पडायचा, तुझ्याच आवाजात. ती हसून टाळायची. "माझी रेंजर आत्ता भावाला शोधायला निघालीय," असं तिने किती सरळ सांगितलं होतं! नकार दिला की पुढच्या प्रसंगात पहारेकरी आम्हाला पकडायचे, नाहीतर पूल पडलेला निघायचा. इतर चौघांच्या देखत, ज्याच्या हातात सगळं जग आहे अशा माणसाला 'नको' म्हणायचं आणि त्याची किंमत सगळ्या पार्टीने मोजायची, हे तू तिच्यावर लादलंस.

तुझी आवडती कथा कोणती, हे आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. 'कर्स ऑफ स्ट्राड'. बरोव्हियाचा सरदार स्ट्राड भावाच्या होणाऱ्या बायकोवर, तात्यानावर, डोळा ठेवतो, लग्नाच्या दिवशी भावाला मारतो, आणि ती त्याच्या हाती लागण्यापेक्षा किल्ल्यावरून उडी घेते. पुढे शतकानुशतकं तो तिचा पुनर्जन्म शोधत राहतो. सगळा मुलूख त्याच्या ताब्यात, हवाही त्याच्या हुकमातली, आणि एका बाईचा नकार त्याला सोसत नाही. तू त्याला खलनायक म्हणून इतका छान चालवतोस. मग राजपुत्र चालवताना तुला तो ओळखू आला नाही?

त्या स्ट्राडला जन्माला कुणी घातलं तेही सांगते. मूळची 'रेव्हनलॉफ्ट' ही साहसकथा १९८३ साली आली आणि तिच्यावर ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोची नावं बरोबरीने आहेत. 'ड्रॅगनलान्स'ची कल्पनाही ही दोघं ट्रेसीच्या नव्या नोकरीसाठी युटाहून विस्कॉन्सिनला निघाली असताना गाडीतल्या गप्पांत रुजली. तेव्हा गर्लफ्रेंड टेबलावर आल्याने, बायको टेबलावर आल्याने खेळ बिघडतो, हे मला सांगू नकोस. या खेळातल्या सर्वांत गाजलेल्या कथांपैकी दोन एका जोडप्याने दिल्या आहेत.

'डीएमची गर्लफ्रेंड' ही शिवी मात्र जुनी आहे, आणि तिच्यामागची वृत्ती त्याहून जुनी. खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने. त्याच्याही आधी, गायगॅक्स नकाशांवरची युद्धं खेळण्यात रात्री घालवायचे तेव्हा, त्यांच्या पत्नी मेरी जो यांना नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे असा संशय आला. गरोदर असताना त्या जाब विचारायला एका मित्राच्या तळघरात जाऊन धडकल्या, तर नवरा आणि त्याचे मित्र नकाशांवर वाकून बसलेले. ही हकिगत गायगॅक्स यांच्याबद्दल लिहिणारे गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात गंमत दिसत नाही. घरात एकटी राहिलेली बायको दिसते, आणि ती आत आली तर तिच्यासाठी खुर्ची नसलेलं तळघर दिसतं. १९८३ साली त्यांचा घटस्फोट झाला.

पुढे छापील नियमांतही तेच उतरलं. 'द ड्रॅगन' मासिकाच्या १९७६ सालच्या तिसऱ्या अंकात स्त्री-कॅरेक्टरांसाठी सुचवलेले नियम आले. त्यांत बायकांना करिश्म्याच्या जागी सौंदर्याचे गुण होते, आणि पुरुषांना भुलवण्याचे मंत्र होते. १९७८ सालच्या नियमपुस्तकात पुरुष योद्ध्याची ताकद १८/१०० पर्यंत जाई, मानवी स्त्रीची १८/५० वर थांबे. आगीचे गोळे फेकणाऱ्या आणि ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या जगात बाईचा दंड तेवढा वास्तवाला धरून हवा होता! १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा काढून टाकली. तू आता पाचवी आवृत्ती खेळतोस आणि तिला अजून सौंदर्याचेच गुण देतोस.

आणि तरीही या खेळाच्या अगदी पहिल्या रात्रींपासून टेबलावर मुलगी होती. गायगॅक्स यांनी आपलं पहिलं भुयार आखलं तेव्हा त्यात उतरणारे पहिले दोघे म्हणजे त्यांची मुलं, अर्नी आणि एलिझ. खेळाचं नाव पक्कं करताना त्यांनी धाकट्या सिंडीला विचारलं होतं आणि तिला आवडलेलं नाव राहिलं. मुली या खेळात कुणाचा तरी हात धरून उशिरा आल्या, हे म्हणणं खोटं आहे.

आणि हात धरून आल्या तरी काय बिघडलं? आपल्या पुण्यात हा खेळ असाच पसरतो. कुणाचा रूममेट, कुणाचा ऑफिसातला सहकारी, कुणाची बहीण. पुस्तकं महाग, फासे मागवावे लागतात, नियम कुणीतरी समजावून द्यावे लागतात. तूसुद्धा हॉस्टेलच्या सीनियरचं बोट धरूनच आलास. तुला कुणी कधी 'सीनियरचा पोऱ्या' म्हणून ओळखलं नाही. दुसऱ्या रविवारी तू नुसता खेळाडू झालास. तिला मात्र इतके महिने खेळूनही ती पदवी मिळाली नाही.

प्रेम आणि टेबल एकत्र कसं नांदतं ते तुझ्याच लॅपटॉपवर आहे. 'क्रिटिकल रोल', म्हणजे काही कलाकारांनी प्रेक्षकांसमोर खेळलेला हाच खेळ, तू पहिल्या एपिसोडपासून पाहिला आहेस. २०१५ साली त्यांनी खेळ लोकांसमोर आणला तेव्हा मॅथ्यू मर्सर डीएम होता आणि त्याची जोडीदार मरिशा रे, जिच्याशी त्याने २०१७ साली लग्न केलं, समोर खेळाडू म्हणून बसली होती. तिच्या कॅरेक्टरचं, किलेथचं, प्रेम जडलं ते लियम ओब्रायनच्या व्हॅक्सवर. डीएमने त्या प्रेमासाठी जागा केली, दोघांना वेळ दिला, आणि व्हॅक्सला शेवटी जावं लागलं ते कथेतल्या त्याच्या स्वतःच्या वचनामुळे. लॉरा बेली आणि ट्रॅव्हिस विलिंगहॅम हेही नवरा-बायको. तिच्या व्हेक्सने संसार मांडला टॅलिसिन जॅफीच्या पर्सीबरोबर, आणि ट्रॅव्हिस त्याच टेबलावर कुऱ्हाड घेऊन मजेत बसला होता. जोडीदाराचं कॅरेक्टर हे जोडीदाराचंच असतं, हे ज्याला कळतं तो असा बसू शकतो.

प्रेक्षकांनी मरिशाला काय दिलं तेही तुला माहीत आहे. तिच्या प्रत्येक चुकीवर वर्षानुवर्षं घाणेरडे शेरे. टेबलावर बाकीचेही चुकत होते. पण ती डीएमची होती ना! त्या शेरे मारणाऱ्यांवर तू माझ्यासमोर चिडला होतास. आपल्या टेबलावर तोच शेरा आला तेव्हा तू मान डोलावलीस.

तुला तिच्याशी खेळातूनच प्रेम करायचं होतं, तर त्यालाही वाट आहे, आणि ती सुंदर आहे. एमिली केअर बॉस यांचा 'ब्रेकिंग द आइस' २००५ सालापासून आहे. दोनच खेळाडू, दोन कॅरेक्टर, त्यांच्या पहिल्या तीन भेटी. खेळणाऱ्या दोघांत जो काही फरक असेल त्यातला एक निवडायचा आणि तो अदलाबदल करून खेळायचा, म्हणजे एकमेकांच्या जागी उभं राहायचं. ॲलेक्स रॉबर्ट्स यांच्या 'स्टार क्रॉस्ड'मध्ये दोन जीव एकमेकांकडे ओढले जातात पण तसं वागणं त्यांना परवडणारं नसतं. मधे लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, तो कोसळेपर्यंत धीर धरायचा. या खेळांत कुणी पडद्याआड बसत नाही. दोघांच्या हातात सारखंच असतं. तुला ते चाललं असतं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आणि मोठ्या टेबलावरच खेळायचं होतं, तर पहिल्या सेशनच्या आधी एक बैठक घ्यायची असते. काय चालेल, काय नाही, कुणाला प्रेमप्रसंग हवेत, कुणाला नकोत, ते तिथे बोलायचं. टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवायचं. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी मांडलेली ही साधी गोष्ट: प्रसंग नकोसा झाला की कार्डाला हात लावायचा, प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण सांगावं लागत नाही. मी ते सुचवलं तेव्हा तू म्हणालास, आपण सगळे मित्रच आहोत, कशाला हवं? ती तेव्हा तुझ्या शेजारीच बसली होती, आणि त्या कार्डाची सर्वांत जास्त गरज तिलाच होती.

तुमचं पुढे काय व्हायचं ते तुम्ही दोघं बघा. त्यात मला पडायचं नाही. माझं मागणं टेबलापुरतं आहे. ग्रुपवर लिही की रेंजर कशी मेली. ओग्रचा दोष नाही, तिचाही नाही, हे तुझ्या नावाने लिही. ज्याने तो शेरा मारला त्याला सांग की टेबल बिघडवलं ते डीएमने. आणि तिची शीट माझ्याकडे आहे, तिच्यावर 'मृत' असं तू लिहिलेलं मी खोडणार नाही. जिवंत करायचं की नवं कॅरेक्टर घ्यायचं, ते ती ठरवेल.

तिने स्वतःची कॅम्पेन सुरू केली आहे, माझ्या फ्लॅटवर, शनिवारी संध्याकाळी. डीएम ती आहे. पडदा ठेवत नाही, फासे सगळ्यांसमोर टाकते. परवा तिच्याच गोब्लिनने माझ्या विझर्डला लोळवलं, आणि आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. एक खुर्ची रिकामी आहे. तुझ्यासाठी ती ठेवायची की नाही हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, आधी ग्रुपवर काय लिहितो ते बघू.

तुझ्या पार्टीतली विझर्ड